साडेचार बोटांचा हात

सोमवार, ता. ३

पोचलो एकदाचा. ताईने दारातच बॅग काढून घेतली आणि मी किती वाळलोय यावर भाषण सुरू केलं. मी वाळलेलो नाही, शर्ट ढगळ आहे. पण ताईपुढे बोलायची सोय नाही. मला वरची खोली मिळाली आहे. खिडकी रस्त्यावर उघडते, टेबलाचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली आहे. कॉट करकरते. मला आवडली खोली.

नोकरी दाजींनी लावून दिली. दाजी म्हणजे ताईचा नवरा. आजवर मी लग्नांची शूटिंग करत आलो. आता रस्त्याखालच्या पाइपात कॅमेरा सोडायचा आणि आत कुठे काय फुटलंय ते बघायचं. दाजी म्हणाले, मेव्हणे, पाइप बरा, मला गोरा दाखवा म्हणून मागे लागत नाही. हे त्यांनी जेवताना दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा स्वतःच हसले.

दाजींच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे. दोरखंडात सापडून गेलं, लग्नाच्या आधीच. ताई म्हणते की बघण्याच्या वेळी त्यांनी तो हात लपवला नाही, मुद्दाम पुढे करून चहाचा कप घेतला, आणि तिथेच तिने ठरवून टाकलं.

न्हाणीघरात मला वेळ लागतो हे पहिल्याच दिवशी उघड झालं. दारावर थाप आली: दोन जलद, मग जरा थांबून एक सावकाश. ही म्हणे या घरातली 'आवरा आता'ची थाप. ताईही अशीच मारते, दाजी बाहेरून आले की पुढच्या दारावरही अशीच. आता मला अर्ध्या अंघोळीत बाहेर यायची सवय करावी लागेल.

शूटिंगच्या वेळी खिशात वही ठेवायचो, कुठल्या चित्रणात कोणाची आत्या आहे ते लिहायला. ती सवय सुटत नाही. आता तीत आत्या नाहीत, एवढाच फरक.

मंगळवार, ता. ४

काम समजलं. रस्त्याखालून जाड पत्र्याचे आडवे पाइप गेलेले असतात, पावसाचं पाणी या बाजूने त्या बाजूला काढून द्यायला. वर्षानुवर्षांनी त्यांचा तळ गंजून जातो. मग पाणी पाइपाखालची माती खात सुटतं आणि एक दिवस वरचा रस्ता बसतो. रस्ता खोदायचा तर वाहतूक बंद पडते. म्हणून जुन्या पाइपाच्या पोटात नवा प्लॅस्टिकचा पाइप सरकवायचा. त्याला सगळे लायनर म्हणतात. तुकडे एकमेकांत बसवायचे, वरच्या तोंडाकडून जॅकने ढकलत खालच्या तोंडापर्यंत न्यायचे, दोन्ही तोंडं विटांनी बुजवायची आणि जुन्या-नव्या पाइपांमधल्या फटीत पातळ सिमेंट पंपाने भरायचं. तेही एका दमात नाही, कारण एका दमात भरलं तर लायनर तरंगतो. आधी अर्ध्यापर्यंत, ते घट्ट झालं की काही दिवसांनी उरलेलं.

आम्ही चौघं. मुकादम बाई आहेत, त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. आवाज असा की पंप चालू असतानाही ऐकू यावा. पंपवाल्याला मौनी म्हणतात, कारण तो क्षणभर गप्प बसत नाही. दाजी पाइपात शिरून जोडकाम करतात. आणि मी कॅमेरा घेऊन खालच्या तोंडाशी.

खालच्या तोंडाशी बसणाऱ्याकडे आणखी एक काम असतं. लायनर ढकलण्याआधी आणि सिमेंट सोडण्याआधी बाई वरच्या तोंडाशी पाइपावर थाप मारतात. आत कोणी आहे का, असा तिचा अर्थ. खालच्याने उलट थाप मारली की आत कोणी नाही, चालू करा. आतून बाहेर आलेल्या माणसाने आधी खालच्याच्या पाठीवर पंजा ठेवायचा, खालच्याने मान वळवून त्याचं तोंड बघायचं आणि मगच उत्तर द्यायचं. तोंड बघितल्याशिवाय उत्तर नाही, हे बाईंनी मला इतक्या वेळा बजावलं की मला शाळेत गेल्यासारखं वाटलं.

आणखी एक. उत्तर एकदाच द्यायचं. त्यानंतर पाइपाला हात लावायचा नाही, आतून काहीही ऐकू आलं तरी. मी हसत विचारलं की आतून काय ऐकू येणार. बाई हसल्या नाहीत. मौनीसुद्धा गप्प बसला, तेव्हा मात्र मला जरा चमत्कारिक वाटलं.

दाजी चिखलाने माखलेला पंजा मुद्दाम माझ्या शर्टावर उमटवतात. साडेचार बोटं, छाप्यासारखी स्पष्ट. ताईने घरी आल्यावर दोघांनाही झापलं.

गुरुवार, ता. ६

आज मोठ्या रस्त्याच्या वळणाखालचा पाइप बघितला. या कामातला हा सगळ्यात मोठा, माणूस कमरेत वाकून चालू शकेल एवढा. वरून गाड्या जातात तेव्हा आत घुमतं.

कॅमेरा म्हणजे चार चाकांची गाडी, पुढे दिवा, मागे लांबलचक केबल. निम्म्या वाटेपर्यंत नेहमीचंच: गंज, पाणी, एक चप्पल. मग वरच्या अंगाला, जरा कडेला, पत्रा फाटलेला दिसला. मी कॅमेरा वर वळवला. आत पोकळी आहे. माती धुपून धुपून झाली असणार. दिव्याचा उजेड आत जातो आणि कशावर पडतच नाही.

एक गोष्ट पटली नाही. फाटलेल्या पत्र्याची कड गंजलेली असायला हवी होती. ती गुळगुळीत आणि चकचकीत होती, जिन्याचा कठडा वर्षानुवर्षांच्या हातांनी होतो तशी. मी बाईंना दाखवलं. त्यांनी ते चित्रण पुन्हा एकदा बघितलं आणि पडदा बंद करायला सांगितलं. ठरलं असं की दाजी आत जाऊन पोकळीच्या तोंडाशी वाळूच्या पिशव्या लावतील, म्हणजे लायनर जाताना वरची माती कोसळणार नाही. मग लायनर पटकन पुढे काढायचा.

डबा खाताना मौनीने एक गोष्ट सांगितली. पूर्वी एका कामावर अशीच पोकळी लागली होती. सिमेंटच्या गाड्यांमागून गाड्या रिकाम्या केल्या तरी भरेना. त्यातला एक माणूस कामावरून घरी गेला आणि आठवड्याभरात त्याच्या बायकोने त्याला घराबाहेर काढलं, म्हणे हा माझा माणूस नाही. यावर दाजी म्हणाले की असं आमच्या घरी रोजच म्हणतात. पाण्याचा घोट माझ्या नाकात गेला इतका हसलो.

शनिवार, ता. ८

लायनर पोचला. सगळं नीट झालं, निदान सगळे तसं म्हणतायत.

सकाळी लायनर पोकळीच्या अलीकडे आणून थांबवला. दाजी खालच्या तोंडाकडून पिशव्या ओढत आत गेले. माझा कॅमेरा त्यांच्या मागेच होता. पडद्यावर त्यांचे बूट दिसत होते, मग बूट वर गेले, पोकळीत. एवढ्यात चित्र हलायला लागलं. केबलला कुठेतरी पीळ पडला होता. मी गाडी हळूहळू बाहेर ओढत, वायर चाचपत, पडद्याला नाक लावून बसलो.

किती वेळ गेला माहीत नाही. पाण्यात पावलं वाजली, माझ्या मागून कोणीतरी बाहेर पडलं आणि पाठीवर पंजा ठेवला. ओला, जड. नेमकं तेव्हाच चित्र जमत आलं होतं. वरून बाईंची थाप आली. मी मान न वळवता उत्तर दिलं.

जॅक सुरू झाले. संध्याकाळपर्यंत लायनर खालच्या तोंडातून बाहेर आला आणि बाईंनी कधी नव्हे ते चहा मागवला. दाजी गाडीत मागे बसून होते, चिखलाने माखलेले. चहा नको म्हणाले. दमले असतील. हात चिरला म्हणून उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं.

रविवार, ता. ९

सुट्टी. न्हाणीघरात भरपूर वेळ लावला. कोणी थाप मारली नाही. बाहेर आलो तर दाजी दाराबाहेर उभेच होते, टॉवेल घेऊन, गप्प. मी विचारलं की आज थाप का नाही. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले की हो, मारायला हवी होती.

ताई खुशीत आहे. म्हणते, कालपासून हे एका शब्दाने उलट बोलले नाहीत, वाढलेलं सगळं खाल्लं, भाजीत मीठ जास्त पडलं होतं तेही खाल्लं. मी मात्र ती भाजी ताटात बाजूला सारली होती.

दुपारी तिने कालचा शर्ट धुवायला मागितला आणि पाठीवरचा डाग बघून नेहमीसारखी करवादली. मी सहज शर्ट उलगडून बघितला.

पाच बोटं होती. मधलं बोट सगळ्यांत लांब, जसं असायला हवं तसं. म्हणजे जसं दाजींचं नसायला हवं.

ओल्या कापडावर डाग पसरतो. मी शर्ट ताईला दिला.

सोमवार, ता. १०

दोन्ही तोंडं विटांनी बुजवली. लायनरचं भोक तेवढं मोकळं आहे, पाणी जायला. त्यातून कॅमेरा फिरवला. आतून सगळं स्वच्छ, काळं, गुळगुळीत.

दाजी काम करतात, पण सगळं माझ्याकडे बघून झाल्यावर. मी वीट उचलली की तेही उचलतात. मी घाम पुसला की तेही पुसतात, आणि त्यांना घाम आलेला नसतो. मेव्हणे म्हणून हाक मारत नाहीत. नाव घेऊन मारतात. माझं नाव त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांत प्रथमच ऐकलं.

बाईंना म्हणालो की दाजी जरा वेगळे वाटतात. त्या म्हणाल्या, दमलेत, हात चिरलाय, तुम्ही तुमचा पडदा सांभाळा.

मला मान वळवायला हवी होती. किती सोपं काम होतं.

मंगळवार, ता. ११

अर्ध्यापर्यंत सिमेंट भरलं. बाईंची थाप आली, मी मान वळवून दाजींचं तोंड नीट बघून घेतलं, ते माझ्या शेजारीच उभे होते. मी उत्तर दिलं. पंप सुरू झाला आणि बऱ्याच वेळाने थांबला. मौनी होजपाइप धुवायला गेला. एकदम शांत झालं.

लायनरमधून थाप आली. फार लांबून, प्लॅस्टिकमधून येते तशी बद्द.

दोन जलद. मग जरा थांबून एक सावकाश.

मी हललो नाही. पुन्हा आली. दोन जलद, एक सावकाश. आवरा आता. माझ्या शेजारी दाजी उभे होते, त्यांचे दोन्ही हात मला दिसत होते.

मला नियम माहीत आहे. पण समोर दाजी पाइपात आहेत आणि मी नियम पाळत बसू? मी लायनरवर तळहात टेकला आणि तीच थाप मारली. दोन जलद, एक सावकाश. आतून जे उत्तर आलं ते थापांचं नव्हतं, नुसतं बडवणं होतं, माणूस दोन्ही हातांनी दार बडवतो तसं. मग थांबलं.

शेजारचा दाजी माझ्या हाताकडे बघत होता. चेहऱ्याकडे नाही. हाताकडे.

आजपासून मी त्याला अहो-जाहो लिहिणार नाही.

बुधवार, ता. १२

बाईंना सगळं सांगितलं. शर्टही सांगितला. त्या ऐकून घेत होत्या, तोवर तो आला आणि माझ्या मागे उभा राहिला. बाईंनी त्याला विचारलं की बरं आहे ना. तो म्हणाला, बरं आहे. मग बाई मला म्हणाल्या की जिवंत माणूस समोर उभा असताना मी पाइप फोडणार नाही. त्यांचं बरोबरच आहे. मीही फोडला नसता.

उरलेलं सिमेंट शनिवारी दुपारी. पोकळीसकट.

हवा आहे आत. पाणी झिरपतं, ते पिता येईल. पाचवा दिवस आहे. देवा, पाचवा दिवस.

मी एकट्याने पुन्हा थाप मारून बघितली. उत्तर आलं, पण हळू. सावकाशची थाप आता फारच सावकाश.

गुरुवार, ता. १३

त्याने हाताचं फडकं सोडलं. जेवताना मुद्दाम हात पुढे केला, पाण्याचा पेला घ्यायला. मधलं बोट अर्धं आहे. मी घास हातात धरून बघत राहिलो. म्हणजे मलाच वेड लागलंय, असं वाटून केवढं बरं वाटलं.

मग हात धुवायला न्हाणीघरात गेलो. पाणी तुंबलं होतं. जाळी उचलली. खाली करड्या रंगाचा तुकडा अडकला होता, घट्ट झालेल्या सिमेंटचा, बोटाच्या पेराएवढा. एका बाजूला नख होतं.

ते मी दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही. बाहेर नेऊन फेकलं. हाताला अजून त्याचा खरखरीतपणा लागतोय.

शुक्रवार, ता. १४

ताईला माहीत आहे.

तो आंघोळीला गेला होता. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला आलो तर ती ओट्याला धरून उभी. माझ्याकडे न बघता म्हणाली की त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं होतं. ठोके नाहीत. आत पाणी वाहतंय. दुरून. पाइपातून वाहतं तसं.

मी तिला सगळं सांगितलं. पाठीवरचा हात, मी न वळवलेली मान, आतली थाप. ती रडली नाही. एवढंच विचारलं, माझा माणूस जिवंत आहे का. मी म्हटलं, कालपर्यंत होता, काल थापेला उत्तर आलं होतं. आज बाई दिवसभर पाइपापाशी होत्या, लायनरला हात लावता आला नाही.

ती मला दोष देईल असं वाटलं होतं. तिने माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली, लहानपणी करायची तशी, आणि म्हणाली की घेऊन ये त्यांना.

ठरलं ते असं. उद्या तो आणि मी कामावर गेलो की ताईने आतून सगळे बोल्ट लावायचे. कोणी कितीही हाका मारल्या, आवाज कोणाचाही असला, तरी दार उघडायचं नाही. दाजींना घेऊन मी आलो की दारावर आपली थाप मारीन. दोन जलद, एक सावकाश. ती ऐकली तरच उघडायचं. तो ही थाप मारत नाही. त्याला येत नाही.

ती म्हणाली, दोघांसाठी गरम पाणी ठेवते.

शनिवार, ता. १५

सकाळ. करवत पिशवीत. बॅटरी, पाण्याची बाटली, छिन्नी, ताईने दिलेला त्यांचा स्वेटर. बाई सिमेंटची गाडी आणायला गेल्या की आत शिरायचं. तो वरच्या तोंडाशी आहे, पंपाच्या नळ्या जोडतोय. मौनीला खालच्या तोंडाशी बसवलंय. त्याला म्हटलं, एक जोड बघायचा राहिलाय, मी बाहेर येऊन पाठीवर हात ठेवीपर्यंत आणि तू माझं तोंड नीट बघेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली. मौनी शब्दाचा पक्का आहे.

शिरतोय.

आत. गुडघ्यांवर. वही यासाठी लिहितो की काही झालं तर ताईला कळावं. थाप मारत आलो. इथे उत्तर जवळून येतं. डोक्यावरच. उत्तर येतं — म्हणजे आहेत.

कापतोय. हात भरून आला म्हणून थांबलो. प्लॅस्टिक जाड आहे पण कापलं जातंय. तीन बाजू झाल्या. फटीतून गार हवा येते. वास — ओल्या विटेचा.

झडप वाकवली. डोकं आत घातलं. बॅटरीचा उजेड कशावर पडत नाही. कॅमेऱ्यातही पडला नव्हता. हाक मारली. दाजी. दाजी. मेव्हणे आलेत.

हाताला हात लागला.

मधलं बोट अर्धं. बर्फासारखा गार, पण धरतोय. माझा हात धरतोय. बोलता येत नाहीये त्यांना. डोळे उघडे. पाय लायनर आणि जुन्या पाइपाच्या मध्ये सापडलाय, गुडघ्यापर्यंत सिमेंट घट्ट झालंय. छिन्नी लावली. फुटेल. वेळ लागेल पण फुटेल. स्वेटर घातला त्यांना.

मी रडतोय. आनंदाने. ताई, जिवंत आहेत गं.

आत्ता कोणीतरी गेलं. माझ्या पोटरीवरून, झडपेतून, खाली लायनरमध्ये. ओलं. जड. दाजी इथे आहेत. मग —

दाजी माझा हात दाबतायत. जोरजोरात. मानेने खालच्या तोंडाकडे दाखवतायत. जा म्हणतायत. असं कसं जाऊ. पाय सुटत आलाय. थोडा राहिला.

वरून थाप. बाई आल्या.

मौनी उत्तर देणार नाही. तोंड बघितल्याशिवाय —

खालून उत्तर गेलं.

मौनीने तोंड बघितलं असणार. नीट बघितलं असणार. तोंड माझंच असेल. म्हणजे त्या दिवशी मी मान वळवली असती तरी काय दिसलं असतं — दाजीच —

खाली बोलणं चाललंय. लायनरमधून स्पष्ट येतं. कोणीतरी मौनीला सांगतंय की जोड ठीक आहे, आत कोणी नाही, आता दाजींना घेऊन जरा लवकर घरी जातो, ताई वाट बघतेय. आवाज माझा. माझाच. मी ओरडतोय, मौनी, मौनी — पंप सुरू झाला. पंपापुढे कोणाचं काय ऐकू —

येतंय. कडेने येतंय. पातळ, गार. दाजींच्या कमरेपर्यंत. हात सोडत नाहीत ते, की मी सोडत नाही, कळत नाही.

निघताना त्या दोघांतला एक लायनरवर हात वाजवून बघतोय. नुसताच. सवय म्हणून. एक. एक. मग —

दोन जलद. थांबला. एक सावकाश.

मीच शिकवली. मंगळवारी. शेजारी उभ्या त्या दाजीसमोर. ताई, दार उघडू न